टाकीतलं उकळतं पाणी आणि बॅगेतली खसखस

वाचक विचारतात : परदेशातला संसार

या वेळची बहुतेक पत्रं रास अल खैमाची आहेत. गावाकडे ‘दुबईला असतो’ म्हटलं की सातही अमिराती त्यात आल्या, पण दुबईच्या ईशान्येला साधारण शंभर किलोमीटरवरचं हे गाव जरा वेगळं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला उघडेबोडके डोंगर आणि मध्ये वाळू. बऱ्याच इमारती जुन्या, चार-पाच मजल्यांच्या, टाक्या गच्चीवर उघड्या उन्हात. त्यामुळे दुबईच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या मावसभावाचे सल्ले इथे अर्धेच लागू पडतात.

प्रश्न (चिपळूण) : यजमान तिकडे नोकरीला आहेत. मी दोन मुलांना (वय सहा आणि दोन) घेऊन जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जाणार. कोकणातल्या दमट हवेची सवय आहे. तरीही उन्हाळा जड जाईल का?

तारीख तुमच्या हातात असेल तर ऑक्टोबरअखेर जा. तिथल्या सीबीएसई शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि जुलै-ऑगस्ट सुट्टी असते. जूनमध्ये पोचलात तर मोठ्याला ना धड शाळा ना मैदान, दोन महिने घरात कोंडलेली मुलं तेवढी हाती उरतील.

जूनमधलं 42-45 अंश ऊन भाजतं, पण वारा बराचसा कोरडा असतो आणि वाळत घातलेले कपडे अर्ध्या तासात खडखडीत होतात. खरा त्रास ऑगस्ट-सप्टेंबरचा. तोवर समुद्रच तापलेला असतो, वारा तिकडून वाफ घेऊन येतो आणि रात्रीही पारा अनेकदा तिशीच्या आसपासच राहतो. कोकणात मे महिन्याचा घाम पाऊस धुऊन नेतो, इथे पाऊस नाही. घाम येतो पण वाळत नाही, आणि वाळला नाही तर अंग थंड होत नाही. एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्याच्या काचा क्षणात पांढऱ्या होतात. पुसून उपयोग नसतो. काच गरम होईपर्यंत दोन मिनिटं सावलीत थांबायचं.

मुलांचं बाहेर जाणं सकाळी आठच्या आत, नाहीतर सूर्य मावळल्यावर. गाडीत बसवताना सीटबेल्टच्या बकलला आधी स्वतः हात लावून बघा, उन्हात उभ्या गाडीतलं ते लोखंड चटका देतं. आणि ‘पाच मिनिटांत येते’ म्हणून मूल बंद गाडीत ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. एसी बंद झाल्यावर काही मिनिटांतच आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी तापते.

प्रश्न (कोल्हापूर) : सुनेसाठी मसाला, दिवाळीचा फराळ आणि नेहमीची औषधं पाठवायची आहेत. काय चालतं, काय नाही?

सर्वांत आधी खसखस. अमिरातीत ती अमली पदार्थांच्या यादीत येते, आणि कायदा डबा केवढा आहे ते बघत नाही. घोळ असा की आपण खसखस म्हणून वेगळी पाठवतच नाही. ती घरच्या मालवणी किंवा कांदा-लसूण मसाल्यात कुटलेली असते, करंजीच्या सारणात भाजून घातलेली असते, डिंकाच्या लाडवात असते, आणि अनारसे तर खसखशीवरच थापतात. म्हणून मसाला कुटतानाच ती वगळा. दाटपणासाठी मगज किंवा थोडे काजू, अनारशाला तीळ. विकतच्या पुड्यावरचे घटक वाचूनच पुडा बॅगेत टाका.

विड्याची पानं आणि गुटखाही नेऊ नका, सुपारीच्या मसाल्याच्या पुड्या तर नकोतच. रांगोळी, तुरटी, मेतकूट असल्या सुट्या पांढऱ्या-पिवळ्या पुडी कंपनीच्या बंद पाकिटात असतील तर प्रश्न येत नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीला गाठ मारून नेल्या तर उलटतपासणी ठरलेली.

औषधं मूळ स्ट्रिपमध्ये, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नाव इंग्रजीत हवं. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल, झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्या या नियंत्रित यादीत येतात. निघण्याआधी तिथल्या आरोग्य यंत्रणेची ऑनलाइन परवानगी घ्या आणि महिन्याभराच्या वर साठा नेऊ नका. आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या काही सर्दीच्या गोळ्यांचीही एकदा खात्री करून घ्या. दुसऱ्याने ‘एवढं पोचवा’ म्हणून दिलेलं बंद पार्सल मात्र घेऊच नये, मग तो सख्खा शेजारी का असेना.

प्रश्न (सांगली) : बायकोला फॅमिली व्हिसावर नेण्यासाठी एजंटने ‘अपोस्टील करून घ्या, झालं’ असं सांगितलं. बरोबर आहे का?

नाही. अपोस्टील म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा एकच शिक्का, तो एका आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांत थेट चालतो. ओमान आणि सौदी अपोस्टील मानतात. अमिरात त्या करारात नाही, त्यामुळे तिच्यासाठी शिक्क्यांची साखळी लागते. विवाह नोंदणीचा दाखला आधी राज्य सरकारकडून प्रमाणित, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग अमिरातीच्या दूतावासाचा आणि शेवटी अमिरातीच्या स्वतःच्या परराष्ट्र मंत्रालयाचा. त्यावर तिथल्या अधिकृत भाषांतरकाराचं अरबी भाषांतर. मधली पायरी गाळून पुढची होत नाही. दाखला लॅमिनेट केला असेल तर नवीन काढा, प्लॅस्टिकवर शिक्का बसत नाही.

खरी अडचण नावांची. आपल्याकडे मधलं नाव लग्नाआधी वडिलांचं आणि नंतर नवऱ्याचं. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, दाखल्यावर सासरचं नाव, मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नुसतं पहिलं नाव, असे तीन प्रकार एकाच घरात सापडतात. अर्ज करण्याआधी तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. ‘Shri’ आणि ‘Shree’ एवढ्या फरकावरही अर्ज परत येतो, म्हणजे इंग्रजी स्पेलिंग सगळीकडे एकच हवं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तो आधी भरून घ्या. नोव्हेंबर 2022पासून एकेरी नावावर अमिरात व्हिसा देत नाही. प्रायोजक होणाऱ्याचा, म्हणजे कुटुंबाला आपल्या व्हिसावर नेणाऱ्याचा, पगार किमान 4000 दिरहम, किंवा 3000 दिरहम आणि कंपनीने दिलेलं घर, अशी अट आहे.

प्रश्न (रास अल खैमा) : मे महिन्यापासून थंड पाण्याच्या नळालाही चटका बसेल असं पाणी येतं. मालक म्हणतो, सगळ्यांकडे तसंच आहे.

मालक खरं बोलतोय. गच्चीवरच्या फायबरच्या टाकीला दिवसभर ऊन लागतं, खाली येणारा पाइपही भिंतीवर उघडा असतो, म्हणून दुपारनंतर ‘थंड’ नळाला अंघोळीला नको इतकं गरम पाणी येतं. यावर इथे मुरलेले लोक करतात तो उपाय असा : मेच्या मध्यापासून गिझर बंद करून टाकायचा आणि नळ उलटे वापरायचे. गिझरची टाकी बाथरूमच्या छतात, एसीच्या गारव्यात असते. बंद गिझरमधलं पाणी रात्रभरात खोलीच्या तापमानाला येतं. म्हणजे सकाळी लाल खुणेचा नळ सोडला की कोमट पाणी, निळ्या खुणेचा सोडला की कढत.

मेख एवढीच की तो साठा साधारण 50 लिटरचा. दोघांच्या अंघोळी झाल्या की त्यातही टाकीचं गरम पाणी भरतं. घरात चारजण असतील तर रात्री झोपताना दोन बादल्या भरून ठेवा. लहान मुलांना थेट शॉवरखाली धरू नका. बादलीत पाणी घ्या, कोपर बुडवून बघा, मगच अंगावर घाला.

बंद गिझरमधलं कोमट, साचलेलं पाणी जंतूंना मानवतं. लिजिओनेला नावाचा न्यूमोनिया करणारा जंतू साधारण 25 ते 45 अंशांच्या पाण्यात वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. म्हणून उन्हाळ्यात गिझरमधलं पाणी रोज वापरून फिरतं ठेवा, आणि ऑक्टोबरमध्ये परत चालू करताना 60 अंशांवर पूर्ण तापवा, खिडकी उघडून किंवा एक्झॉस्ट पंखा चालू करून सगळे नळ पाच-पाच मिनिटं सोडून द्या. शॉवरची जाळी काढून व्हिनेगरमध्ये तासभर बुडवली तर तिच्यावरचा चुन्याचा थरही निघतो. सहा महिन्यांतून एकदा टाकी धुतल्याची नोंद मालकाकडे मागा. पिण्याच्या पाच गॅलनच्या बाटल्या बाल्कनीत उन्हात ठेवू नका.

प्रश्न (रास अल खैमा) : एसीतून आत पाणी गळतं, दरवर्षी गॅस भरावा लागतो. शिवाय जुलैत महिनाभर भारतात जायचं आहे. घर कसं बंद करावं?

गळतीचं कारण दहातल्या आठ घरांत एकच : ड्रेन पाइप तुंबलेला. दमट हवेतून एसी दिवसाला कित्येक लिटर पाणी काढतो, पाइपात धूळ आणि शेवाळ मिळून बुळबुळीत थर धरतो आणि ट्रे उलटा भरून भिंतीवरून ओघळतो. पाणी ओढणारा व्हॅक्युम असेल तर पाइपाच्या बाहेरच्या टोकाला लावून ओढा, नंतर ट्रेमध्ये कपभर व्हिनेगर ओता. उन्हाळाभर दर पंधरा दिवसांनी फिल्टर धुऊन सावलीत वाळवा. फिल्टर बुजला की कॉइलवर बर्फ धरतो, आणि तो वितळला की पुन्हा गळती.

गॅसचं म्हणाल तर तो पेट्रोलसारखा संपत नाही. दरवर्षी भरावा लागतोय म्हणजे कुठेतरी गळतोय. ‘आधी लीक शोधा, मग भरा’ असं मेकॅनिकला ठणकावून सांगा. समुद्राजवळच्या घरांत बाहेरच्या युनिटची ॲल्युमिनियमची बारीक पातळ पत्र्यांची जाळी खाऱ्या वाऱ्याने पांढरी पडते आणि बोटाने चोळली तर पीठ होऊन गळते. महिन्यातून एकदा वीज बंद करून, साध्या नळीने, हळू धारेने गोड्या पाण्यात धुवा. प्रेशरचा पंप लावलात तर पत्र्या वाकून हवेची वाट बंद होते.

आता कुलूप लावण्याबद्दल. वीज वाचवायला एसी पूर्ण बंद करून जाणं ही इथली सर्वांत महाग काटकसर. जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्याभरात चामड्याच्या चपलांवर हिरवी लव येते, कपाटाच्या मागच्या प्लायवूडला बुरशी लागते, गाद्यांना वास येतो. एक एसी 27-28 अंशांवर चालू ठेवा, कपाटांची दारं उघडी, खोल्यांची दारं उघडी. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा.

राहतो तो नहाणी ट्रॅप. बाथरूमच्या जमिनीतल्या त्या जाळीखालचं पाणी महिन्याभरात आटतं, आणि मग गटाराचा वास नि झुरळं सरळ घरात. निघायच्या दिवशी प्रत्येक ट्रॅपमध्ये दोन तांबे पाणी ओता आणि वर अर्धी वाटी खाण्याचं तेल. तेलाचा तवंग पाणी उडू देत नाही. गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. इथल्या उन्हात बॅटरी दोन-अडीच वर्षं चालली तरी खूप.

प्रश्न (बीड) : भाऊ बांधकामावर आहे. दुपारी काम करून घेतात, पासपोर्टही कंपनीने ठेवलाय. हे कायदेशीर आहे का?

दोन्ही नाही. 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी 12:30 ते 3 उघड्यावर काम करून घेता येत नाही. मालकाला दर कामगारामागे 5000 दिरहम, कमाल 50,000 दिरहम दंड आहे. पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडेच राहायला हवा. तक्रार तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या ॲपवरून होते, ती त्याने स्वतःच्या नंबरवरून करावी. पगार आणि काम या दोन्हींचा पुरावा म्हणून करार व पगाराच्या मेसेजचे फोटो घरी पाठवून ठेवायला सांगा.

कामावर तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी कपभर पाणी प्यायचं. दिवसातून एक-दोन वेळा ओआरएस, पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यातच. मिठाच्या गोळ्या नकोत. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापून चालताना तोल जायला लागला, तर त्याला सावलीत आडवं करा, मानेला, काखेत आणि जांघेत बर्फ लावा, अंगावर पाणी ओता आणि 998ला रुग्णवाहिका बोलवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.