सिनेमांना रेटिंग देणाऱ्या साइटला अभिप्राय कळवून खरंच काही उपयोग होतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. अशा साइटवर 'अभिप्राय कळवा' म्हणून जी जागा असते तिथे लिहिलेलं कुणी वाचतं का, ही एक. आणि तुम्हाला आवडतात साधे घरगुती मराठी सिनेमे, तरी तुमच्या पानावर डब केलेले मारधाडीचे सिनेमेच का सुचवले जातात, ही दुसरी. पहिलीचं उत्तर मी छातीठोकपणे देऊ शकते, कारण त्यावरून आमच्या घरात दोन वर्षं भांडण चालू आहे. वाचतात. पण वाचण्यासारखं लिहिलं तरच.

माझे वडील नाशिकच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर, म्हणजे सिनेमा दाखवायचं मशीन चालवणारे होते. एकतीस वर्षं. ती टॉकीज आता नाही. लहानपणी संध्याकाळी त्यांचा डबा घेऊन मी जायचे तेव्हा केबिनमध्ये बसायला मिळायचं. पडद्यावर उजेड पडावा म्हणून मशीनमध्ये कार्बनच्या कांड्या जळायच्या, खोली भट्टीसारखी तापलेली असायची आणि बाबा बनियनवर उभे असायचे. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकायचा. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. काही सेकंदांनी दुसरा ठिपका यायचा, तेव्हा एका मशीनचा उजेड बंद आणि दुसऱ्याचा चालू. खाली बसलेल्या सातशे माणसांना काही कळायचं नाही. जुना सिनेमा टीव्हीवर लागला की मला आजही गोष्टीआधी तो ठिपका दिसतो.

दोन वर्षांपूर्वी बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यानंतर त्यांची करमणूक म्हणून मी त्यांना टॅबवर ही रेटिंगची साइट दाखवली. त्यांनी सगळ्यात जास्त आठवडे चालवलेला एक मराठी सिनेमा आहे. नाव सांगत बसत नाही, नाहीतर चर्चा भलतीकडेच जाईल. त्याचं पान उघडलं. लांबी ९८ मिनिटं, गुण दहापैकी ४.१, आणि खाली 'हेही तुम्हाला आवडेल' म्हणून सगळे भुताखेतांचे सिनेमे.

बाबा म्हणाले, "अठ्ठ्याण्णव? अगं, चौदा रिळं होती."

त्यांनी कालनिर्णयच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. रीळ हजार फुटांचं. मशीनमधून मिनिटाला नव्वद फूट फिल्म जाते, म्हणजे एक रीळ साधारण अकरा मिनिटं. सगळी रिळं काही काठोकाठ भरलेली नसतात, ते सोडून दिलं तरी चौदा रिळं म्हणजे अडीच तास. ९८ मिनिटांत नऊ रिळं बसतात. "मग माझी पाच रिळं गेली कुठे?" असं ते दोन-तीनदा म्हणाले आणि गप्प झाले. मला ते फार लागलं.

खालचे अभिप्राय वाचल्यावर उलगडा झाला. त्याच नावाचा एक हिंदी भयपट खूप वर्षांनी येऊन गेला होता आणि दोन्ही सिनेमे एकाच पानावर एकत्र झाले होते. पोस्टर आमच्या सिनेमाचं, कलाकार अर्धे इकडचे अर्धे तिकडचे, आणि लोकांनी लिहिलेलं, 'भुताचा मेकअप भिकार'. त्या भयपटाला पडलेल्या शिव्या बाबांच्या सिनेमाच्या गुणांत धरल्या गेल्या होत्या.

त्या रात्री अकराला मी पहिला अभिप्राय धाडला. 'तुमच्या साइटवर मराठी सिनेमांची माहिती अत्यंत चुकीची आहे, कृपया लक्ष द्या.' आभाराचं छापील उत्तर आलं आणि विषय संपला. तीन आठवड्यांनी दुसरा लिहिला, तो याहून कडक. फाळके आमच्या त्र्यंबकेश्वरचे, १९१८ साली त्यांनी हिंदुस्तान सिनेमा फिल्म कंपनी नाशिकमध्येच काढली, त्या गावातून मी लिहितेय, मराठीची ही हेळसांड चालणार नाही, वगैरे. त्याला छापील उत्तरसुद्धा आलं नाही. माझा मोठा भाऊ म्हणाला, "कुणी वाचत नाही गं असलं. उगाच बाबांना आशा लावू नकोस."

माझं मत आज असं आहे की त्या दोन्ही अभिप्रायांना माणसाचं उत्तर न येणं बरोबरच होतं. मी नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात क्वालिटीला, म्हणजे माल तपासायच्या कामाला आहे. आमच्याकडे गिऱ्हाइकाचा मेल येतो, 'माल खराब आहे.' कुठला पार्ट, कुठला लॉट, किती नग, कुठलं माप चुकलं, काही नाही. अशा मेलवर आम्ही काय करतो? माहिती मागवतो, आणि ती आली नाही तर तक्रार तशीच पडून राहते. दुसऱ्याचा मेल येतो, अमुक लॉट, भोकाचा व्यास ड्रॉइंगप्रमाणे इतका हवा, मिळाला इतका, सोबत फोटो. त्या दिवशी दुपारपर्यंत मशीन थांबलेलं असतं. रोज जे काम करते तेच मी घरी आल्यावर विसरले होते.

तिसरा अभिप्राय मी शनिवारी दुपारी बसून लिहिला. पानाचा पत्ता. या पानावर दोन वेगळे सिनेमे एकत्र झाले आहेत, हे पहिल्याच ओळीत. मग दोन्हींची भाषा, वर्ष, दिग्दर्शक. मग पुरावा. आपल्याकडे सिनेमाच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं, ते सगळे पुढे ढकलून देतात. फिल्मच्या रिळांवरच्या जुन्या सिनेमांत त्यावर लांबी मीटरमध्ये आणि रिळांची संख्या लिहिलेली असायची. बाबांच्या सिनेमाची जुनी व्हीसीडी माझ्याकडे होती. ती लावली, प्रमाणपत्रावर थांबवली, फोटो काढला. रिळं १४, लांबी ४,१०५ मीटर. सेकंदाला चोवीस चित्रांच्या वेगाने ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला २७.३६ मीटर जाते, म्हणजे १५० मिनिटं. कॅलेंडरवरचा हिशेब मीटरमध्येसुद्धा तंतोतंत उतरला.

(फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी मात्र मिनिटांपेक्षा फुटांत सांगितलेली बरी, असं बाबांचं म्हणणं. ३,७०० फूट. हाताने मशीन फिरवायचा काळ तो, वेग एकसारखा नसायचा, त्यामुळे मिनिटं ऑपरेटरच्या हातावर.)

चार दिवसांत माणसाने लिहिलेलं उत्तर आलं. त्यात होतं की आमची सिनेमांची माहिती आम्ही स्वतः भरत नाही, एका खुल्या माहितीसाठ्यातून घेतो, तिथे दुरुस्ती झाली की आमच्याकडे आपोआप येईल. ही गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते. मूव्हीलेन्ससारखी विद्यापीठाने चालवलेली साइटसुद्धा पोस्टर वगैरे द मूव्ही डेटाबेसकडून घेते, आणि तिथे खातं उघडून कुणालाही दुरुस्ती करता येते. आयएमडीबी या सिनेमांच्या माहितीच्या मोठ्या साइटवरही बदल सुचवता येतो, तो तपासून घेतात. तेव्हा आधी बघा माहिती मुळात कुठून येते, आणि तक्रार तिथे करा. मी खातं उघडलं, दोन पानं वेगळी केली, सगळं भरलं. आमच्या साइटवर ते दिसायला अकरा आठवडे लागले. आता बाबांच्या सिनेमाचं पान स्वतंत्र आहे, १५० मिनिटं, गुण ७.८. मतं फक्त त्रेचाळीस, पण ती त्याच सिनेमाची आहेत.

आता तुमच्या दुसऱ्या गोष्टीकडे येते. सुचवण्या चुकतात त्याला बऱ्याचदा आपण स्वतः कारण असतो. ही साइट सिनेमा बघत नाही. ती तुमचे तारे बघते, तुमच्यासारखेच तारे देणारी माणसं शोधते, आणि त्यांना जे आवडलं पण तुम्ही पाहिलेलं नाही ते तुमच्यापुढे ठेवते. मूव्हीलेन्स मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रुपलेन्स गटाने १९९७ साली सुरू केली ती याच कल्पनेवर. तुमचे तारे खोटे असले तर तुमच्यासारखी म्हणून सापडणारी माणसंही भलतीच असणार. त्यातून एकाच खात्यावर घरातली चार माणसं बघत असतील तर विचारूच नका.

इथे मला दादाबद्दल लिहावंच लागेल. दादाचं ठाम मत की मराठी सिनेमा असेल तर दहा द्यायचे, बघितला नसला तरी. "आपण नाही द्यायचे तर कुणी द्यायचे?" स्वतःच्या खात्यावरून देतो, वहिनीच्या देतो, आणि बाबांच्या टॅबवर माझं खातं उघडं होतं तर त्यावरूनही देऊन टाकले. मला पत्ता नाही. दोन-तीन महिने माझ्या पानावर मी जन्मात बघणार नाही असे सिनेमे येत होते आणि मी साइटला दोष देत होते. एका रविवारी माझी रेटिंगची यादी उघडली तर त्यात मी न दिलेले एकसष्ट दहा. एकेक करून काढले, दीड तास गेला. आठवड्याभरात पान ताळ्यावर आलं.

यावर आम्ही गणपतीत जेवणाच्या पानावर भांडलो. मी तेव्हा नीट बोलू शकले नाही ते इथे लिहिते. न बघता दिलेले दहा म्हणजे मदत नव्हे, ती खोटी साक्ष आहे. आमच्याकडे न मोजता 'ओके'चा शिक्का मारणाऱ्याला दारातून आत घेत नाहीत. दुसरं म्हणजे, त्याचा फायदाही होत नाही. आयएमडीबी मतांची सरळ सरासरी दाखवत नाही, मतांना वजन लावून काढते, आणि ते कसं काढते हे मुद्दाम उघड करत नाही, म्हणजे कुणी ठरवून गुण वाढवू-पाडू नयेत. तिसरं, माणसाची आवड ओळखणं मुळातच किती अवघड आहे बघा. नेटफ्लिक्सने २००६ साली दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं. कोण किती तारे देईल याचा आमचा अंदाज १० टक्क्यांनी सुधारून दाखवा, एवढंच. हाताशी दहा कोटींहून जास्त रेटिंग होती, तरी बक्षीस मिळवायला २००९ साल उजाडलं. पुढे २०१७ साली त्यांनी तारेच काढले आणि अंगठा वर, अंगठा खाली एवढंच ठेवलं. आणि चौथं, दादा, ज्या मराठी सिनेमाला खरोखर दहा द्यावेत त्याचं काय करशील? त्याला अकरा कुठून आणशील?

तेव्हा तुम्ही आज एवढंच करा. आपली रेटिंगची यादी उघडा आणि आपण न दिलेलं, झोपेत दिलेलं, कुणाला बरं वाटावं म्हणून दिलेलं जे असेल ते काढून टाका. न आवडलेल्यालाही प्रामाणिक दोन तारे द्या, ते दहा ताऱ्यांइतकेच कामाचे असतात. नको ते लपवायची सोय असेल तर वापरा. आणि मुलांना वेगळं खातं काढून द्या.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं करूनही जुन्या मराठी सिनेमांच्या बाबतीत फार अपेक्षा ठेवू नका. त्रेचाळीस मतांवर कुठल्याही गणिताला जुळवायला फारसं काही मिळत नाही, ती साइटची चूक म्हणता येणार नाही. शिवाय सिनेमे विकणारी कंपनीच सुचवत असेल तर वरच्या रांगेत त्यांना खपवायचा माल असू शकतो, तिथे तुमच्या ताऱ्यांचा संबंध नसतो. आणि मला माणसाचं उत्तर आलं म्हणून तुम्हालाही येईलच असं नाही. छोट्या साइटवर येण्याची शक्यता जास्त.

पान दुरुस्त झालं त्या दिवशी मी टॅब बाबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचलं, १५० वर बोट ठेवलं, मान हलवली. मग म्हणाले, "कॅमेरामनचं आडनाव चुकलंय." व्हीसीडीवर ती पाटी इतकी अस्पष्ट आहे की पुरावा म्हणून चालणार नाही. टॉकीजबाहेर तेव्हा गाण्यांची पुस्तकं मिळायची, त्यात आतल्या पानावर सगळी नावं छापलेली असायची. बाबांनी प्रत्येक सिनेमाचं एक जपून ठेवलंय. ती ट्रंक दादाच्या नाशिकरोडच्या घरी माळ्यावर आहे. या रविवारी खाली काढतो म्हणालाय.