एक्सेलमध्ये कॉपी केल्यावर चौकटीभोवती पळणारी तुटक रेघ : 'मार्चिंग अँट्स' हा खरा शब्द आहे का, आणि ती घालवायची कशी?

तुमचा प्रश्न असा आहे : धुळ्याला जिनिंगच्या ऑफिसात हिशेब बघता, एक्सेलमध्ये काही कॉपी केलं की त्या चौकटीभोवती तुटक रेघ पळत राहते आणि पेस्ट झाल्यावरही थांबत नाही. सोबतचा एकजण तिला 'मार्चिंग अँट्स', म्हणजे रांगेने चालणाऱ्या मुंग्या, म्हणतो. हे नाव त्याच्या मनाचं की खरंच असं काही आहे?

खरंच आहे, भाऊ. आणि रेघ घालवायची तर एस्केपचं बटण दाबा, लगेच जाते. पण घालवायची घाई करू नका, कारण ती उगाच पळत नाही.

अमळनेरला माझं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे. दिवसभर फोटोशॉप, रात्री दुकान आवरताना एक्सेलमध्ये उधारी, त्यामुळे या मुंग्या माझ्यासमोर सतत चालू असतात. मागे उभं राहून बॅनर बघणारं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "हाई काय हाली राह्यनं भो?"

खरं म्हणजे काहीच हलत नसतं. यात्रेतल्या रोषणाईच्या माळेत दिवे जागचे हलत नाहीत, पाळीपाळीने पेटतात आणि उजेड धावल्यासारखा वाटतो, तसंच हे. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी दर खेपेला एक घर पुढे सरकवून पुन्हा काढली जाते. ही युक्ती पहिल्यांदा दिसली १९८४ साली, ॲपलच्या मॅकिंटॉशबरोबर आलेल्या मॅकपेंट या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये. तो लिहिणाऱ्या बिल ॲटकिन्सन यांना ती सुचली एका बारमधल्या बिअरच्या जाहिरातीवरून, तिच्यात धबधबा वाहत असल्याचा भास होत होता. त्यांची अडचण अशी की त्या मशीनच्या पडद्यावर फक्त काळा आणि पांढरा, मधला रंगच नाही. निवडलेल्या भागाभोवती काळी रेघ काढली तर काळ्या चित्रात बुडते, पांढरी काढली तर कागदात. दोन्ही मिसळून तुटक काढली तर ती चित्राचाच भाग वाटते. हलती ठेवली की प्रश्न मिटला, कारण कागदावरचं चित्र हलत नाही. पडद्यावर कोट्यवधी रंग येऊनही मुंग्या टिकल्या त्या याच कारणाने.

आता तुमच्या कामाचं. एक्सेलमध्ये मुंग्या चालू असणं म्हणजे 'कॉपी अजून हातात आहे'. कंट्रोल-व्ही केलं की पेस्ट होतं आणि मुंग्या चालूच राहतात, म्हणजे तेच आणखी दहा ठिकाणी टाकता येतं. एकदाच टाकायचं असेल तर जिथे हवं त्या चौकटीत जाऊन नुसतं एंटर मारा : पेस्टही होतं आणि मुंग्याही जातात. 'पेस्ट केल्यावरही थांबत नाही' ही तुमची तक्रार तिथेच संपते.

समजा कापसाच्या पट्टीत (बिलात) वजन गुणिले दर असा फॉर्म्युला आहे आणि तुम्हाला फक्त रक्कम दुसऱ्या शीटवर न्यायची आहे. तर पेस्ट स्पेशलमधला 'व्हॅल्यूज' हा पर्याय मुंग्या चालू असेपर्यंतच मिळतो. मध्येच आठवलं म्हणून दुसऱ्या चौकटीत आकडा टाइप केलात, तर बहुतेक आवृत्त्यांत मुंग्या जातात आणि कॉपीही जाते. (नव्या मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या एक्सेलमध्ये ती टिकवायची सोय आली आहे, पण आपल्याकडच्या ऑफिसांत जुनंच एक्सेल जास्त दिसतं.) कटचं वेगळं आहे. कट केल्यावरही मुंग्या चालतात, पण मजकूर पेस्ट करेपर्यंत मूळ जागीच असतो. पेस्ट एकदाच होतं आणि त्यात पेस्ट स्पेशल मिळत नाही.

एक सावधगिरी. बरोबरचं चिन्ह टाकून फॉर्म्युला लिहिताना दुसऱ्या चौकटीवर क्लिक केलं की तिच्याभोवतीही मुंग्या येतात. तिथे सवयीने एस्केप दाबाल, तर अख्खा लिहिलेला फॉर्म्युला उडेल.

फोटोशॉपमध्ये मात्र या मुंग्यांवर इतका भरवसा टाकू नये. एक्सेलमध्ये मुंग्या नाहीत म्हणजे कॉपी नाही. फोटोशॉपमध्ये मुंग्या दिसत नाहीत याचा अर्थ सिलेक्शन (निवडलेला भाग) नाही असा होत नाही. आमच्या धंद्यातल्या नव्या पोरांचा ठरलेला फोन असतो, "दादा, ब्रश चालत नाही, फोटोशॉप बिघडलं." बिघडलेलं काही नसतं. चुकून कंट्रोल-एच दाबलं गेलेलं असतं. त्याने मुंग्या लपतात, सिलेक्शन तसंच राहतं, आणि ब्रश फक्त त्या न दिसणाऱ्या कुंपणाच्या आतच रंग सोडतो. तिथे कंट्रोल-डी मारा, सिलेक्शनच सुटतं.

दुसरं म्हणजे कडा. वाढदिवसाच्या बॅनरसाठी फोटो कापताना केसांपाशी कड मऊ ठेवावी लागते, त्याला फेदर म्हणतात. मऊ कडेत काही पिक्सेल पूर्ण निवडलेले, काही अर्धवट. मुंग्यांची रेघ जाते ती ५० टक्क्यांच्या हद्दीवरून. तिच्या बाहेरही थोडं निवडलेलं असतं, म्हणूनच रेघेवर बरोबर कापूनही भाऊसाहेबांच्या डोक्याभोवती जुन्या भिंतीचा निळसर धूर उरतो. फेदर फारच जास्त दिला तर ५० टक्क्यांच्या वर एकही पिक्सेल जात नाही. मग फोटोशॉप सूचना देतं की कड दिसणार नाही, आणि मुंग्या येतच नाहीत. खरी कड बघायची तर क्यू दाबून क्विक मास्क लावा. न निवडलेल्या भागावर लाल छटा येते आणि कड कुठे विरते ते कळतं.

ज्यांच्या डोळ्याला ही पळापळ त्रास देते आणि जे फोटोशॉपऐवजी जिंप हा फोटो-चित्रांचा प्रोग्राम वापरतात, त्यांना प्रेफरन्सेसमध्ये मुंग्यांचा वेग कमी करता येतो. तिथे मिलिसेकंदाचा आकडा असतो, तो वाढवला की त्या सावकाश चालतात.