बागेतले प्रश्न : स्टॅगहॉर्न नेचा

प्रश्न : आमच्या पडवीत फळीवर बांधलेला मोठा स्टॅगहॉर्न नेचा चार वर्षांपासून आहे. या दिवाळीनंतर त्याची फळीला चिकटलेली पाने तपकिरी पडून कागदासारखी झाली आणि लोंबणाऱ्या दोन पानांच्या खालच्या बाजूस, पान जिथे दुभंगते तिथे, तळहाताएवढा तपकिरी डाग आला. पानांवरची पांढरट भुकटी मी ओल्या फडक्याने पुसून काढली, बुरशीनाशकही फवारले, तरी डाग जात नाही. वाळलेली पाने कापून टाकावीत का? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : कात्री ठेवून द्यावी. आपला नेचा आजारी नाही. तो वयात आला आहे.

आपल्या भागातल्या आंब्या-फणसांच्या खोडांवर वाढणारे बाशिंग आपण पाहिलेच असेल. त्याच्या बुडाशी तपकिरी, करकरीत, वर्षानुवर्षे न गळणारी पाने असतात आणि त्यांच्यामधून हिरवी लांब पाने वर येतात. तपकिरी पानांच्या खोबणीत पालापाचोळा साठतो, कुजतो आणि त्यावर मुळे पोसतात. स्टॅगहॉर्नची घडणही याच धर्तीची आहे. फळीला ढालीसारखी बिलगणारी पाने काही काळ हिरवी राहून वाळतात, त्यांच्यावर नवी ढाल चढते आणि अशा थरांचा जो जाड गादीसारखा गठ्ठा तयार होतो, त्यातच मुळे पसरलेली असतात आणि पाणी साठते. मोठ्या जातीत ढालीची वरची कड मुकुटासारखी उभी राहते, ती वरून पडणारा पाचोळा झेलण्यासाठीच. सुरुवातीच्या काळात मी स्वतः 'स्वच्छतेसाठी' असे दोन थर सोलून काढले होते. थरांबरोबर मुळांचा झुपकाच हातात आला आणि त्या रोपाने पुढचे वर्षभर नवे पान काढले नाही.

पांढरी भुकटी म्हणजे धूळ नव्हे. ते पानावरचे तारकाकृती केस आहेत. पानातले पाणी उडून जाऊ न देणे हे त्यांचे काम. पुसलेल्या पानावर ते पुन्हा येत नाहीत, नव्या पानावर येतात, तेव्हा यापुढे फडके लावू नये. पानाखालचा डाग हा बीजाणूंचा, म्हणजे ज्यांच्यापासून नवे नेचे उगवतात त्या भुकटीसारख्या कणांचा आहे आणि तो बुरशीनाशकाने जाणार नाही, जाऊही नये.

खरी भीती बाळगावी ती काळ्या डागाची. हिरव्या ढालीवर ओलसर, मऊ, काळा डाग पडून तो मधल्या कोंबाकडे सरकू लागला, तर पाणी जास्त झाले आहे असे समजावे. कोकणातल्या आषाढ-श्रावणात हे हमखास होते, कारण गठ्ठा दिवसेंदिवस सुकतच नाही. अशा वेळी फळी पागोळीखालून काढून वारा खेळेल अशा जागी टांगावी आणि गठ्ठा आतून सुकेपर्यंत पाणी बंद ठेवावे. एरवी फळी खालून किंचित उचलून पाहण्याची सवय लावून घ्यावी : हलकी लागली की पाणी, जड लागली की थांबणे. लहान रोप बादलीत बुडवता येते, पण आपल्यासारख्या मोठ्या रोपाला ढालीच्या मागच्या बाजूने बारीक धारेने सावकाश पाणी सोडावे, म्हणजे ते वरवर वाहून न जाता गादीत मुरते.

फळी अपुरी पडू लागली असेल तर रोप सोडवू नये. जुनी फळी तशीच मोठ्या फळीवर स्क्रूने बसवावी. आणि ढालीमागे केळीची साल कोंबण्याचा सल्ला आपल्याला कोणी दिला असेलच. सालीत पालाश भरपूर असला तरी नत्र फार थोडे असते, आणि चिलटे व झुरळे मात्र नक्की येतात. वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, पाकिटावरील मात्रेच्या पाव प्रमाणात विरघळवलेले खत पुरते.

प्रश्न : हा नेचा थेट आंब्याच्या खोडावर बांधावा अशी इच्छा आहे. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात की तो बांडगुळासारखा झाड शोषून घेईल. (एक वाचक, देवगड)

उत्तर : बांडगूळ फांदीच्या आत मुळी घुसवून झाडाचा रस घेते. नेच्याची मुळे केवळ सालीला धरून राहतात, त्यामुळे झाड खंगण्याचे कारण नाही. तरीही मी आंबा सुचवणार नाही, कारण मोहोराच्या दिवसांत आंब्यावर होणाऱ्या फवारण्या थेट नेच्यावर पडतील. परसातला फणस किंवा चिकू बरा : बारमाही सावली आणि फवारणीची फारशी गरज नाही. खोडाच्या उत्तर किंवा पूर्व बाजूस, हात पोहोचेल इतक्या उंचीवर, मागे काथ्याची गादी देऊन तंगुसाने (मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने) बांधावे. लोखंडी तार गंजते आणि वाढत्या खोडात रुतते. भिजलेला मोठा नेचा एकट्या माणसाला उचलत नाही, म्हणून बारीक फांदी निवडू नये.

प्रश्न : मोठ्या स्टॅगहॉर्नला पिल्ले का फुटत नाहीत? रोपवाटिकेत 'ग्रँडी' म्हणून दिला होता. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पिल्ले फुटतात ती सहज मिळणाऱ्या लहान जातीला, बायफर्केटमला. आपल्याकडचा बहुधा ऑस्ट्रेलियाचा सुपरबम असावा. 1970 साली त्याला स्वतंत्र जात म्हणून नाव मिळाले. त्यापूर्वी तो फिलिपिन्सच्या ग्रँडीतच गणला जाई आणि विक्रीत हे जुने नाव अजून चालते. ओळख बीजाणूंच्या डागावरून होते : सुपरबमच्या एका पानावर एक डाग, ग्रँडीच्या पानावर दोन. दोन्ही जाती एकेकट्याच वाढतात, त्यामुळे नवे रोप बीजाणूंपासूनच करावे लागते. डाग गडद होऊन भुकटी सुटू लागली की ती कागदावर झाडून घ्यावी, उकळते पाणी ओतून निवू दिलेल्या कोकोपीटवर विरळ भुरभुरावी आणि झाकणाचा पारदर्शक डबा उजेडात, पण उन्हाबाहेर ठेवावा. आधी हिरवी शेवाळासारखी साय दिसेल; ती बुरशी समजून फेकून देऊ नये, रोपे तिच्यातूनच येतात. फळीवर बांधण्याजोगे रोप व्हायला दोन-तीन वर्षे लागतात.