आई-बाबा आठ दिवसांसाठी दुबईला चाललेत. रोमिंग पॅक घ्यावा की तिथलं सिम?

त्यांच्यासाठी मी रोमिंग पॅकच घेईन. थोडा महाग पडतो, पण नंबर तोच राहतो आणि बँकेचे ओटीपी येत राहतात. माझ्या बाबांनी एकदा परदेशी विमानतळावर सिम बदललं, जुनं पाकिटाच्या कप्प्यात ठेवलं आणि हॉटेलात पैसे भरताना ते नखाएवढं सिम शोधत बसले. तेव्हा ओटीपी येणार कुठून?

दुबईत आणखी एक अडचण आहे. तिथल्या नेटवर्कवर किंवा हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सॲपचे मेसेज जातात, पण कॉल लागत नाही. रोमिंगचा डेटा बहुतेक वेळा भारतातल्या कंपनीमार्फत फिरून येतो, त्यामुळे त्यावर कॉल अनेकदा लागतो. नातवंडांशी रोज बोलायचं असेल तर हे फार मोलाचं आहे.

पॅक निघण्याआधी घरूनच चालू करा. तो यूएईसाठी आहे ना, आणि त्यात इनकमिंग किती मिनिटं आहे, हे नीट वाचा. विमानात फोन फ्लाइट मोडवरच ठेवायला सांगा. विमानातल्या नेटवर्कचे पैसे वेगळे लागतात.

महिनाभर राहणार असतील तर मात्र दुसऱ्या स्लॉटमध्ये तिथलं सिम घाला आणि भारतातल्या सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवा.