कागदाच्या यंत्रावरचे थरांचे कापड

प्रश्न : मी धुळ्यात यंत्रमागावर सुती कापड विणतो. कागद गिरणीत लगदा ज्या कापडावर गाळतात ते दोन-तीन थरांचे असते, असे कळले. केवळ पाणी गाळायचे, तर एक थर का पुरत नाही? आणि हे थर एकत्र कसे राहतात? — एक वाचक, धुळे

उत्तर : या कापडावर येणाऱ्या लगद्यात सुमारे ९९ टक्के पाणी असते. ते क्षणार्धात खाली जावे आणि एक-दोन मिलिमीटर लांबीचे तंतू वर राहावेत, यासाठी वरची वीण अतिशय बारीक लागते; नाहीतर तंतू निसटतात आणि कागदावर जाळीचा ठसा उमटतो. तेच कापड मोठ्या यंत्रांवर मिनिटाला हजार मीटरहून अधिक वेगाने फिरताना खालून सक्शन बॉक्सवर (पाणी ओढून घेणाऱ्या पेट्यांवर) घासत असते, आणि तिथे बारीक धागा टिकत नाही. म्हणून वर बारीक आणि खाली जाड धाग्यांचे, अशी दोन कापडे एकाच मागावर एकत्र विणतात.

भुसावळ-खंडवा मार्गावरील नेपानगरात १९५०च्या दशकात वर्तमानपत्राचा कागद निघू लागला, त्या काळी कागद गिरण्यांत फॉस्फर ब्राँझच्या तारांची जाळी सर्रास असे. पुढे पॉलिएस्टर आले. ते अधिक ताणले जाते, त्यामुळे कापड स्थिर राहण्यासाठीही थर वाढले.

आपल्याला विणकर म्हणून विशेष रस वाटेल तो धाग्यांच्या वाटणीत. सपाट विणलेल्या कापडाचा ताणा (उभे धागे) यंत्राच्या लांबीत जातो आणि सगळी ओढ सोसतो. म्हणून खालच्या बाजूस बाण्याचे (आडव्या धाग्यांचे) लांब तरंग, म्हणजे विणीत न अडकता मोकळे राहणारे भाग, ठेवतात, त्यामुळे झीज बाण्यावर पडते आणि ताणा वाचतो. त्या बाण्यात पॉलिएस्टरच्या धाग्याशी आलटून-पालटून नायलॉनचा धागा घालतात, कारण तो घर्षणाला अधिक टिकतो. मात्र तो पाणी शोषून सैलावतो, म्हणून सगळा बाणा नायलॉनचा करत नाहीत.

खरी कसोटी थर बांधणाऱ्या धाग्याची आहे. पूर्वी त्यासाठी वेगळा बारीक धागा असे. तो वरचा थर जिथे खाली ओढी तिथे कागदावर खूण पडे, आणि थर एकमेकांवर सरकल्याने तो आतल्या आत झिजून थर सुटत. आता बांधणीचे धागे जोडीने चालतात : एक वर येऊन बारीक वीण पूर्ण करतो तेव्हा दुसरा खाली जाऊन जाड थर पकडतो, आणि पुढे दोघे जागा बदलतात. मला ही रचना विणकामातील अत्यंत सुंदर युक्ती वाटते.

कापड यंत्रावर अखंड पट्ट्यासारखे फिरते, म्हणून त्याची दोन टोकेही ताण्याचा एकेक धागा पुन्हा विणून जोडावी लागतात, आणि त्या सांध्यातून पाणी बाकीच्या कापडाइतकेच निथळावे लागते.