‘जिरतो’ला लाल शाई कशाला?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलानं विज्ञानाच्या पेपरात लिहिलं, ‘लहान आतड्यात अन्नरस जिरतो.’ बाईंनी ‘जिरतो’ खोडून वर लाल शाईनं ‘शोषला जातो’ लिहिलं. जिरणे ग्राम्य आहे का?

अजिबात नाही. खोड जिरते, पावसाचं पाणी जिरतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे, सोडतो. पचणं निराळं, जिरणं निराळं. जठरातलं आम्ल, स्वादुपिंडाचा रस, पित्त यांनी अन्नाची फोड होते ते पचन. (जाहिरातीत रोज ऐकू येणारं ‘पाचन सुधारा’ हिंदीतलं. आपल्याकडं पाचन म्हणजे पचवणारं औषध, क्रिया ती पचनच!) मग सुमारे ६ मीटर लांब लहान आतड्याच्या मखमली अस्तरातून साखर, अमिनो आम्लं रक्तात उतरतात आणि यकृताकडं जातात, स्निग्धांश बहुतेक लसिकेतून (लिम्फमधून) जातो. हे जिरणं. तालमीतला वस्ताद पोराला ‘खुराक जिरव’ म्हणतो आणि बैठका वाढवतो. बदामाची थंडाई नुसती पोटात जाऊन भागत नाही, अंगी लागावी लागते.

‘शोषण’ पाठ्यपुस्तकांनी रूढ केलं, पण मला ते पटत नाही. त्याचा संस्कृत धातू, म्हणजे क्रियापदाचं मूळ, ‘शुष्’ : सुकणे. लहान आतड्यात दिवसाला सुमारे ९ लिटर द्रव येतो. त्यातला २ लिटरच्या आसपास आपण खाल्ल्याप्यालेला, उरलेला लाळ, जठररस, पित्त असा शरीराचाच. एवढ्या ओल्या कारभाराला सुकण्याचा धातू?

‘जिरणे’चा धातू ‘जॄ’ : झिजणे, जुने होणे. जरा, जर्जर, जीर्ण, अजीर्ण ही सगळी त्याचीच भावंडं. आता वातापीची गोष्ट आठवा. इल्वल राक्षस आपल्या भावाला, वातापीला, मेंढा करून त्याचं मटण ब्राह्मणांना वाढायचा आणि मग हाक मारायचा. वातापी पोट फाडून बाहेर यायचा. अगस्ती ऋषी जेवले आणि म्हणाले, ‘वातापि जीर्णो भव’. ‘पक्वो भव’ नव्हे! ‘पच्’ म्हणजे शिजवणेही, आणि वातापी शिजलेला तर होताच. शिजूनही तो परत येत होता. जिरला तेव्हा संपला, अगस्तींच्या अंगाचा झाला. पचन आणि जिरणं यांतला फरक याहून नेमका मला कुठं सापडलेला नाही.

आणि जिरे! संस्कृतात जीरक. अमरकोशात, त्या जुन्या संस्कृत शब्दकोशात, त्याचं दुसरं नाव आहे जरण, म्हणजे जिरवणारं. जिरे फारसी ‘झीरा’वरून आलं म्हणणाऱ्यांनी आधी अमरकोश उघडावा, फारसी मराठीत शिरण्याच्या कितीतरी आधीचा आहे तो. माझ्या मते जिरणे आणि जिरे एकाच घरचे. आमच्या कोल्हापुरी चटणीत एवढ्या मिरचीबरोबर जिरं पडतं, ते उगाच नाही.