ट्रॅक्टरला पुढचा लोडर जोडताना आणि चालवताना नेमकी काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की घरी ५० एचपीचा टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर आहे, त्याला काढता-घालता येणारा लोडर, म्हणजे पुढे दोन आर्म आणि त्यांच्या टोकाला बकेट, घेतलाय, कामं म्हणजे गोठ्यातलं शेण, थोडा मुरूम आणि मुरघास. डीलरचा माणूस दहा मिनिटं दाखवून निघून गेला आणि आता जोडायचं कसं, चालवायचं कसं हे कुणाला विचारावं कळत नाही. मी याच कामांसाठी असाच लोडर वापरतो. गोठा घरचा आहे आणि उन्हाळ्यात आजूबाजूच्या लोकांचं शेणखतही ट्रॉलीत भरून देतो. तेव्हा अनुभवातून आणि मॅन्युअल वाचून जे कळलंय ते सांगतो.

लिव्हर, जॅक (आर्म आणि बकेट हलवणारे तेलाचे सिलिंडर), होज पाइप हे सगळं नंतर. पहिला प्रश्न हा की ट्रॅक्टरच्या मागे तुम्ही काय लावणार आहात? डीलर हे सांगत नाही, कारण मागचं वजन तो विकत नाही.

हिशेब मांडून बघा. आकडे ढोबळ आहेत, पण साधारण याच मापातले. ट्रॅक्टर २१०० किलोचा, त्यातले १३०० मागच्या चाकांवर आणि ८०० पुढच्या. दोन्ही आसांमधलं अंतर २ मीटर. लोडर ४०० किलोचा, त्याचा भार पुढच्या आसाच्या ७० सेंटिमीटर पुढे धरा. बकेटमध्ये ५०० किलो माल, तो आसाच्या दीड मीटर पुढे. तरफेचा साधा नियम लावला तर पुढच्या आसावर २२०० किलोच्या वर जातात आणि मागे उरतात ८०० सुद्धा नाहीत. म्हणजे पुढचा भार जवळजवळ तिप्पट झाला आणि मागचा निम्म्याच्या आसपास आला. आता लक्षात घ्या की टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. ज्या चाकांवर वजनच नाही ती चाकं ब्रेक दाबल्यावर नुसती घसरणार. आमच्या शिवारात ओला मुरूम भरलेली बकेट घेऊन उताराने येणाऱ्या एका ट्रॅक्टरचं मागचं चाक ब्रेकसरशी जमिनीवरून सुटलेलं मी पाहिलंय. ड्रायव्हरने घाबरून बकेट खाली सोडली आणि ती जमिनीला टेकली म्हणून निभावलं.

यावर लोक टायरमध्ये पाणी भरतात. चांगलं आहे, भराच. १३.६-२८ किंवा १४.९-२८ च्या टायरमध्ये पाऊण भाग भरला तर दीडशे ते दोनशे लिटर बसतं, म्हणजे दोन्ही मिळून तीनशे-चारशे किलो. पण हे वजन थेट मागच्या आसावर बसतं, पुढच्या आसाला त्याने काडीचा आराम मिळत नाही. लिफ्टच्या हातांना मागे टांगलेलं वजन दोन्ही कामं करतं. बैलगाडी भरताना ती उलाळ होऊ नये आणि बैलांच्या मानेवरही ओझं येऊ नये म्हणून माल पुढे-मागे सरकवतात ना, तसंच हे. २०० लिटरचा लोखंडी ड्रम काँक्रीटने भरला तर साधारण ४८० किलो होतो. भरण्याआधी त्यात दोन्ही खालच्या हातांसाठी आरपार जाड शाफ्ट आणि वरच्या टॉप लिंकसाठी पट्टी वेल्डिंग करून घ्यायची. हा ड्रम मागच्या आसापासून ९० सेंटिमीटरवर टांगला तर मागच्या चाकांवर ७०० किलोच्या आसपास वाढतात आणि पुढच्या आसावरचे २०० उतरतात. खर्च म्हणाल तर सिमेंटच्या दीड-दोन गोण्या, वाळू, खडी आणि वेल्डिंगवाल्याची मजुरी. रोटाव्हेटर मागे टांगूनही चालतं, फक्त पीटीओ (मागचं अवजार फिरवणारा शाफ्ट) बंद हवा आणि वळताना मागे माणूस नको.

पुढच्या आसाचं मात्र मनात ठेवा. तो एवढ्या भारासाठी घडवलेला नसतो. टायरमधली हवा लोडरच्या पुस्तकात दिली असेल तेवढी ठेवा, किंगपिनला (जिच्यावर पुढचं चाक वळतं ती पिन) आणि हबला ग्रीस वेळेवर द्या. पॉवर स्टेअरिंग नसेल तर टू-व्हील ड्राइव्हवर लोडरच्या फंदात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता जोडणी. जागा सपाट आणि कडक हवी, शेणाने निसरडी झालेली नको. लोडर स्टँडवर उभा, बकेट त्याला जोडलेलीच आणि जमिनीवर सपाट टेकलेली. बकेट काढून ठेवलेला लोडर स्टँडवर भरवशाचा उभा राहत नाही. ट्रॅक्टर सर्वात खालच्या गिअरमध्ये दोन्ही आर्मच्या मधून हळू आत घ्या आणि ब्रॅकेटजवळ आल्यावर थांबा. हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा. मगच खाली उतरून पाइप जोडायचे.

कपलर, म्हणजे पाइपची एकमेकांत बसणारी टोकं, जोडण्याआधी दोन्ही टोकं स्वच्छ कापडाने पुसा. गोठ्याजवळ धूळ आणि भुसा इतका असतो की एकदा न पुसता जोडला की तो कचरा थेट व्हॉल्व्हमध्ये जातो. कपलर घट्ट लागत असेल, दाबूनही आत जात नसेल, तर पाइपमध्ये तेलाचा दाब अडकलेला असतो. ट्रॅक्टरच्या बाजूचा दाब इंजिन बंद असताना लिव्हर सगळ्या दिशांना दोन-चार वेळा हलवला की सुटतो. लोडरच्या बाजूला उन्हात पाइप तापूनही दाब चढतो, म्हणून लोडर सावलीत ठेवावा. हातोडीने कपलरची गोळी ठोकणारे मेकॅनिक मी पाहिलेत, त्यांच्या नादी लागू नका. चार पाइप असतील तर जोड्यांना रंगीत टेप लावून ठेवा, नाहीतर उचलायचा लिव्हर ओढाल आणि बकेट पालथी होईल.

पाइप जोडले की सीटवर बसा, इंजिन सुरू करा आणि लिव्हर हळूहळू हलवून लोडरचे पाय ब्रॅकेटमध्ये बसवा. या वेळी लोडर आणि ट्रॅक्टरच्या मध्ये कुणीही उभं राहायचं नाही, 'थोडं पुढं, थोडं पुढं' म्हणणारा हौशी पोरगा तर अजिबातच नाही. भोकं जुळली का ते बघायला पिनच्या भोकात बोट घालू नका. पाव इंच सरकलं तरी बोट जागेवर राहत नाही. वाकून नजरेने बघा, हवं तर पहारीने चाचपा. पिन बसल्या, त्यांना लॉक लागले, स्टँड वर दुमडले, मग बकेट पालथी करून जमिनीवर किंचित दाबा. पुढची चाकं जराशी हलकी झाली आणि लोडरचा पाय ब्रॅकेटमध्ये हलला नाही, म्हणजे जोडणी पक्की. त्यानंतर रिकामी बकेट पूर्ण वर-खाली करा, स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा आणि कुठला पाइप चाकाला किंवा पिनला घासतोय का ते बघा. जॅकमध्ये तेल भरलं की ट्रॅक्टरमधलं तेल तेवढं कमी होतं, म्हणून बकेट खाली ठेवून लेव्हल तपासा.

तुमच्या लोडरची फ्रेम कुठपर्यंत जाते ते आजच वाकून बघा. ट्रॅक्टरला जेसीबीसारखी अखंड चेसिस नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स आणि मागचा आस एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात, आणि तीच त्याची चेसिस. लोडर नुसता पुढच्या ब्रॅकेटवर आणि इंजिनच्या बाजूला टेकलेला असेल, तर प्रत्येक धक्का इंजिन आणि क्लच हाउसिंगच्या सांध्यावर येतो. चांगल्या लोडरची फ्रेम पोटाखालून मागच्या आसापर्यंत नेलेली असते. स्थानिक वर्कशॉपमध्ये बनवलेल्या लोडरमध्ये हा लोखंडाचा खर्च बऱ्याचदा वाचवलेला दिसतो. त्या सांध्यावर तेलकट धुळीची बारीक रेघ दिसायला लागली की बोल्ट सैल होताहेत असं समजा आणि काम थांबवा. नवीन लोडरचे सगळे बोल्ट पहिल्या दहा तासांच्या कामानंतर पुन्हा आवळायचे असतात. डीलर परत येणार नाही, तुम्हीच आवळा.

तेलगळतीबद्दल एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. या पाइपमध्ये दीडशे ते दोनशे बारचा दाब असतो. पाइपला सुईएवढं भोक पडलं तर फवारा डोळ्याला दिसतही नाही, पण कातडीतून आत शिरतो. गळती शोधायला हात फिरवायचा नाही, पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा. तेल आत गेलंच तर जखम मुंगी चावल्याएवढी दिसते आणि सुरुवातीला फार दुखतही नाही, म्हणून लोक हळद लावून झोपतात. तसं करू नका. ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना 'जास्त दाबाचं तेल आत गेलंय' असं स्पष्ट सांगा. काही तासांत ऑपरेशन झालं नाही तर बोट, कधी हातही गमवावा लागतो.

चालवताना. ब्रेकचे दोन्ही पेडल जोडपट्टीने एकत्र करा, कारण एकच चाक अडलं की पुढे भरलेला ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. ढिगाला सरळ भिडा, बकेट जमिनीला सपाट, वेग चालण्याएवढा. बकेट ढिगात शिरली की थोडी स्वतःकडे वळवा, थोडी उचला, पुन्हा वळवा. लांबून पळवत आणून धडक मारायची नाही आणि एका कोपऱ्याने घुसवायची नाही, आर्म पिळतात. भरली की सरळ मागे या आणि वळण्याआधी बकेट जमिनीपासून फूट-दीड फुटावर आणा. वर धरलेली बकेट घेऊन वळणं हे ट्रॅक्टर आडवा होण्याचं हमखास कारण आहे. पुढचा आस मधल्या एका पिनवर झुलतो, त्यामुळे कडेला कलताना सुरुवातीला तो ट्रॅक्टरला सावरतच नाही. ट्रॅक्टर प्रत्यक्षात तीन टेकूंवर उभा असतो, मागची दोन चाकं आणि ती पिन. ट्रॉलीसमोर सरळ उभे राहिल्यावरच बकेट वर न्या, रिती करा, मागे या, खाली घ्या.

उतारावर भरलेली बकेट नेहमी चढाच्या बाजूला. म्हणजे चढताना पुढे तोंड करून, उतरताना रिव्हर्समध्ये, आणि गिअर काढून न्यूट्रलवर कधीच नाही. फोर-व्हील ड्राइव्ह असता तर तो टाकून उतरलं की पुढच्या चाकांचीही पकड ब्रेकला मिळते. तुमच्याकडे ती सोय नाही, त्यामुळे मुरूम घरापर्यंत आणायची वाट चढ-उताराची असेल तर बकेट अर्धीच भरा.

अर्धी म्हणजे किती, तर मालाप्रमाणे. कोरडी वाळू ब्रासला साधारण साडेचार टन, म्हणजे घनफुटाला ४५ किलो. बारा घनफुटांची बकेट काठोकाठ भरली की ५४० किलो झाले. ओली वाळू किंवा भिजलेला मुरूम त्याहून जड. शेणखत त्याच्या निम्म्याच्या आसपास. तेव्हा खताची बकेट शीग लावून भरली तरी चालून जातं, मुरमाची नाही. आणि ट्रॅक्टर उचलत नाही म्हणून रिलीफ व्हॉल्व्हचा (तेलाचा दाब ठरावीक हद्दीत ठेवणाऱ्या झडपेचा) स्क्रू आवळून दाब वाढवून देणारा मेकॅनिक भेटलाच, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

साध्या लोडरमध्ये आर्म वर जातात तशी बकेट आपोआप मागे, म्हणजे तुमच्याकडे कलत जाते. सुट्टा माल असेल तर थोडा सांडतो, पण दगड, गोण्या किंवा कडब्याच्या गाठी असतील तर त्या आर्मवरून घरंगळत थेट सीटवर येतात. वर नेताना बकेट मधूनमधून पुढे सारखी करत राहा. गोल गाठी साध्या बकेटने उचलूच नका, त्यांना काटा किंवा पकड लागते. लिव्हरला फ्लोट, म्हणजे आर्म मोकळे सोडणारी जागा, असेल तर तो जमीन सारखी करण्यापुरता. भरलेली बकेट वर असताना तो चुकून लागला की आर्म धाडकन खाली येतात.

बकेटमध्ये माणूस उभा करायचा नाही. फांदी तोडायला नाही, बल्ब बदलायला नाही. मिरवणुकीत जेसीबीतून गुलाल आणि फुलं उधळायची फॅशन गावोगाव पोचल्यापासून पोरांना हे सांगणं अवघड झालंय, पण एक सील फुटलं की आर्मला थांबवणारं दुसरं काही नसतं. याच कारणाने उचललेल्या आर्मखाली ग्रीस द्यायलाही जायचं नाही. जायचंच असेल तर जॅकच्या दांड्यावर लोखंडी लॉक लावून.

आणि वर बघा. शेतातून गेलेल्या ११ केव्हीच्या तारा उन्हाळ्यात लोंबतात आणि नेमकी उन्हाळ्यातच खत भरायची घाई असते. तारांखाली ढीग करूच नका. बकेट तारेला लागलीच तर सीटवर बसून राहा, बाकीच्यांना लांब हटवा आणि सबस्टेशनमधून लाइन बंद होईपर्यंत उतरू नका. आग लागली म्हणून उतरावंच लागलं तर ट्रॅक्टर आणि जमीन एकाच वेळी शिवायची नाही. दोन्ही पाय जुळवून लांब उडी मारायची आणि पाय न उचलता, घसटत दूर जायचं.

काम संपलं की बकेट जमिनीवर, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, चावी खिशात, आणि इंजिन बंद करून लिव्हर हलवून दाब मोकळा. पोरं लिव्हरशी खेळतात, म्हणून बकेट वर ठेवून जेवायला जायचं नाही. भाड्याने कामं घ्यायचा विचार असेल तर लोडर लावल्याचं आरटीओला आणि विमा कंपनीला आधी विचारा, उत्तर लेखी घ्या. शेतीच्या वापराच्या विम्यावर धंद्यातल्या अपघाताचा दावा अडतो.

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरचा साइज, दोन आसांमधलं अंतर आणि लोडरच्या प्लेटवर लिहिलेली उचल कळवलीत तर ड्रम किती भरायचा याचा हिशेब मी करून देतो.